तेल कुठून गळते? : एका इंग्रजी स्पोर्ट्स कारच्या जुनाट दुखण्यांचा इतिहास

जुन्या इंग्रजी मोटारींविषयी इंग्लंड-अमेरिकेत जे विनोद सांगितले जातात, त्यांची एक छोटी मौखिक परंपराच आहे. इंग्रज लोक कोमट बिअर का पितात? कारण त्यांचे फ्रिज ल्यूकसने बनवलेले असतात. ल्यूकसच्या दिव्याच्या बटणाला किती जागा? तीन : मंद, मिणमिण आणि बंद. जोसेफ ल्यूकस (१८३४–१९०२) या बर्मिंगहॅमच्या उद्योजकाने सायकलींसाठी जो दिवा विकायला आणला त्याचे नाव होते 'किंग ऑफ द रोड', म्हणजे 'रस्त्याचा राजा'. विसाव्या शतकात त्याच घराण्याच्या कंपनीला विनोदकारांनी 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' ही पदवी बहाल केली. अंधाराचा हा राजपुत्र म्हणजे इंग्रजीत सैतानही. दुसरी विनोदमाला तेलाची. जुन्या इंग्रजी गाडीखाली तेलाचे थारोळे दिसले नाही, तर समजावे की तिच्यातले तेल संपले आहे!

विनोद हा इतिहासकाराच्या दृष्टीने उपयुक्त पुरावा असतो. पण तो जपून वापरावा लागतो. वरच्या विनोदांमागचा अनुभव खरा आहे. या गाड्या तेल गाळत, दमट सकाळी सुरू होत नसत, आणि दुरुस्त केल्या तरी महिन्या-दोन महिन्यांत तेच दुखणे पुन्हा डोके वर काढी. मात्र विनोद या अनुभवाला चटकन एक आरोपी नेमून देतो : ल्यूकस, नाहीतर इंग्रज कामगार, नाहीतर एकूणच 'इंग्रजी स्वभाव'. आणि एकदा आरोपी मिळाला की चौकशी थांबते. प्रस्तुत लेखात ही थांबलेली चौकशी थोडी पुढे नेण्याचा प्रयत्न आहे. तेल जिथे ठिबकते तिथून ते गळत असतेच असे नाही, ही गॅरेजमधली साधी जाण इतिहासलेखनालाही लागू पडते, आणि एका विशिष्ट मोटारीच्या बाबतीत ती दोन्ही अंगांनी तपासून पाहता येते, असे आमचे म्हणणे आहे.

ही मोटार म्हणजे एमजीबी. 'एमजी' ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डमधील विक्री-दुरुस्तीच्या व्यवसायावरून आली. विल्यम मॉरिसच्या या व्यवसायाचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२०च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखण्या, चपळ बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि १९२९ साली ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावी एमजीचा कारखाना स्थिरावला. एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्टोबर १९८०पर्यंत बनत राहिली. या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य परदेशी, मुख्यतः अमेरिकेत गेल्या. १,७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, दोन माणसांची जागा आणि उघडता येणारे कापडी छत, एवढाच तिचा संसार. ती श्रीमंतांची गाडी नव्हती. शिक्षकाने, कारकुनाने, नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाने स्वप्न पाहावे आणि ते कर्ज काढून पुरेही करावे, अशा बेताची ती होती. म्हणूनच तिची दुखणी लाखो घरांच्या अंगणात पोहोचली.

आधी गळतीकडे पाहू. एमजीबीच्या आधीची एमजीए आणि एमजीबीची सुरुवातीची दोन वर्षे, म्हणजे १९६४पर्यंतची इंजिने, यांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी ऑइल सील नव्हतेच. त्याजागी क्रँकशाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखी एक चर कोरलेली असे. शाफ्ट फिरू लागला की ही चर बाहेर येऊ पाहणारे तेल उलट दिशेने गुंडाळत पुन्हा चेंबरमध्ये ढकली. कल्पना हुशारीची होती : घासणारा भाग नाही, म्हणून झीज नाही, बदलायचीही गरज नाही. पण तिला एक मर्यादा होती. चर काम करते ती शाफ्ट फिरत असेपर्यंतच. इंजिन बंद झाले की तिथे साचलेले थोडेसे तेल खाली उतरते आणि फ्लायव्हीलच्या घरातून थेंब थेंब जमिनीवर पडते. म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी दिसणारा डाग ही बिघाडाची नव्हे, तर ठरल्याप्रमाणे चाललेल्या यंत्राचीच खूण होती. ज्या काळात ही रचना झाली त्या काळी आठवड्यातून एकदा पट्टी काढून तेल पाहणे हा मोटार बाळगणाऱ्याच्या नित्यक्रमाचा भाग होता. दोन-चार थेंबांचे कोणाला काही वाटत नसे.

ही झाली स्वाभाविक गळती. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या गळतीची कहाणी वेगळी आहे. १९६४च्या अखेरीस एमजीबीच्या इंजिनाला तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंगे मिळाली आणि मागे खरेखुरे ऑइल सीलही आले. तरीही गळती थांबली नाही. ती का थांबली नाही, याचे उत्तर सीलमध्ये नाही. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा जळका वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतच असतो. तो बाहेर पडावा म्हणून इंजिनाला श्वासमार्ग ठेवलेला असतो. मेकॅनिक त्याला ब्रीदर म्हणतात. एमजीबीच्या इंजिनात हा मार्ग टॅपेटच्या पुढच्या झाकणातून जातो आणि तिथली जाळी वर्षानुवर्षे काजळी आणि चिकट तेलाने भरत जाते. वाट बंद झाली की आत दाब साचतो, आणि दाब नेहमी सगळ्यांत कमजोर सांधा शोधतो. आज मागचे सील, उद्या टॅपेटच्या झाकणाचे बुचाचे पॅकिंग, परवा पुढचे टायमिंग कव्हर. मालक एकेक सांधा बदलत जातो आणि तेल नवा सांधा शोधत जाते. मागचे सील बदलायचे तर अख्खे इंजिन उतरवावे लागते. दोन दिवस खपून ते काम करायचे आणि ब्रीदरची जाळी मात्र तशीच ठेवायची, म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' अशातली गत.

दुसरी अडचण नजरेची. तेल खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे वरच्या रॉकर कव्हरचे किंवा बाजूच्या टॅपेट कव्हरचे तेलही शेवटी मागच्या बाजूला, बेल हाउसिंगपाशीच ठिबकते, आणि पाहणारा म्हणतो, मागचे सील गेले. टॅपेटच्या झाकणांचा बोल्ट पक्का आवळला की गळती थांबेल असे वाटते. प्रत्यक्षात जास्त आवळल्याने पातळ पत्र्याचे झाकण वाकते आणि गळती वाढते. यावरचा जाणत्या मेकॅनिकचा उपाय अगदी साधा असतो. इंजिन आधी धुऊन-पुसून कोरडे करायचे, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची, दहा-पंधरा मिनिटे चालवायचे आणि मग वरून खाली पाहत यायचे. पावडरीवर ओलसर रेघ सगळ्यांत वर जिथे सुरू होते, तिथे गळतीचा उगम. म्हणजे डाग खाली असला तरी तपास वरून सुरू करायचा. आणि कुठलेही पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर साफ करायचा.

आता ठिणगीकडे वळू. एमजीबीची इग्निशन व्यवस्था तत्त्वतः चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची. त्याने १९०९ साली ओहायो राज्यातील डेटन येथे स्थापन केलेल्या 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'ची आद्याक्षरे म्हणजे 'डेल्को'. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांत डिस्ट्रिब्यूटरला आजही 'डेल्को' म्हटलेले ऐकू येते, ते त्या कंपनीचे नाव. एखादे विशेषनाम सामान्यनाम कसे होते याचे उदाहरण म्हणून भाषेच्या विद्यार्थ्यांनी ते टिपून ठेवायला हरकत नाही. यातली क्रिया अशी : बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहत असतो; डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता कॅम दोन लहान पॉइंट उघडतो; प्रवाह एकदम तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंटपाशीच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. दोन पॉइंटांमधले अंतर असावे सुमारे ०.०१५ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही कमी. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असेल, तर चार सिलिंडरच्या गाडीत हे पॉइंट मिनिटाला ८,००० वेळा उघडतात आणि मिटतात.

इतक्या वेळा उघडझाप करणारी वस्तू झिजणारच. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली की अंतर कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी मंदावते, तापते, सकाळी सुरू होत नाही. पॉइंट बदलले की ती सुधारते. इथपर्यंत ठीक. पण तीच तक्रार पुन्हा पुन्हा आली तर कारण पॉइंटमध्ये नसते. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचे बुश झिजलेले असते, दांडा हलतो आणि चार सिलिंडरांसाठी चार वेगवेगळी अंतरे पडतात. पॉइंट कितीही नवे बसवले तरी ती जुळत नाहीत. याहून फसवी जागा म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंटच्या तबकडीला बॉडीशी जोडणारी बोटभर लांबीची वायर. इंजिनावरचा भार बदलला की ही तबकडी थोडी फिरते आणि तिच्याबरोबर वायर वाकते. वर्षांनुवर्षे वाकून आतले तांब्याचे तंतू तुटतात; वरचे कापडी आवरण मात्र शाबूत राहते. गाडी उभी असताना तपासले तर सगळे ठीक. चढावर पाय दाबला की गाडी गचके खाते. मालक म्हणतो, पेट्रोलमध्ये कचरा आला, आणि कार्बोरेटर खोलून बसतो.

असाच दुसरा दुवा इंजिन आणि बॉडी यांच्यामधला. इंजिन रबराच्या पायांवर बसवलेले असल्याने ते विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलेले असते. एक जाड पट्टी त्यांना जोडते. ती गंजली की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो आणि कधी कधी चोकच्या तारेतून जाऊन तिला तापवतो. गाडीचा 'अर्थ' नीट लागलेला नाही, एवढेच त्या दुखण्याचे निदान असते. साहित्याच्या प्राध्यापकांना हे वाक्य ओळखीचे वाटेल.

या सगळ्या तपशिलांतून एक सूत्र हाती येते. एमजीबी ही देखभाल गृहीत धरून बनवलेली गाडी होती. तिच्यासोबतच्या पुस्तिकेत आठवड्याची, दर ३,००० मैलांची, दर ६,००० मैलांची कामे नेमून दिलेली असत : कुठे ग्रीस, कुठे तेलाचे दोन थेंब, कधी पॉइंटचे अंतर. ही पुस्तिका आज वाचली की लक्षात येते, तिच्यासमोर एक विशिष्ट वाचक आहे. तो स्वतः हात काळे करणारा आहे किंवा त्याच्या गल्लीच्या टोकाला ओळखीचे गॅरेज आहे. त्याचा रोजचा प्रवास थोडा आहे, हवा थंड आहे. दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडात असा वाचक होता. किंबहुना त्याच्यासाठीच हलक्या स्पोर्ट्स कारचा हा प्रकार घडला होता. प्रत्येक संहिता आपला वाचक गृहीत धरते असे आपण म्हणतो. इथे यंत्राने आपला सांभाळ करणारा गृहीत धरला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा गृहीत धरलेला माणूस बदलला. युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनला परकीय चलन हवे होते. निर्यात करणाऱ्या कारखान्यांना पोलादाच्या वाटपात झुकते माप मिळे, आणि मोटारी परदेशी पाठवणे हे जवळजवळ राष्ट्रीय कर्तव्य झाले. १९५५ ते १९६२ या काळात बनलेल्या एक लाखाहून अधिक एमजीए गाड्यांपैकी मायदेशी फारच थोड्या राहिल्या. अमेरिकेतल्या मालकाची दुसरी गाडी दणकट आणि मोठी होती. तेलाची पट्टी काढून पाहण्याची त्याला सवय नव्हती. तो महामार्गावर तासन् तास भरधाव जाई, अ‍ॅरिझोनाच्या उन्हात नाहीतर न्यू इंग्लंडच्या मिठाळलेल्या हिवाळी रस्त्यांवर. यंत्र तेच राहिले, त्याच्याभोवतीची जीवनपद्धती बदलली. गाडी आणि मालक यांच्यामधला अलिखित करार असा मोडला, आणि मोडलेल्या कराराचे खापर गाडीच्या 'स्वभावा'वर फुटले.

मग ल्यूकसचा दोष किती? विनोदाने ठरवलेल्या आरोपीला निदान एकदा सुनावणी मिळायला हवी. ब्रिटिश मोटारींच्या विद्युत सामग्रीत ल्यूकसचे वर्चस्व इतके होते, की १९६३ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने या पुरवठ्यावर स्वतंत्र अहवाल दिला. साहजिकच कुठल्याही गाडीत वीज बिघडली की नाव ल्यूकसचे निघे. पण पूर्ण एमजीबीला सुरुवातीला फक्त दोन फ्यूज होते आणि इग्निशनची वायर फ्यूजविनाच होती, हा निर्णय मोटार बनवणाऱ्यांचा. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, गाडीच्या तळाशी, चिखल उडेल आणि हात पोहोचणार नाही अशा जागी १९७४पर्यंत ठेवल्या गेल्या, हाही निर्णय त्यांचाच. १९६७पर्यंत एमजीबीच्या बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. प्लग कमी झिजतात, गंज कमी धरतो अशा समजुतीने ब्रिटनमध्ये ही पद्धत रूढ झाली होती. जगातल्या बहुतेक गाड्यांत ऋण टोक बॉडीला असे. त्यामुळे परदेशात बसवलेला रेडिओ उलटा जोडला गेला की जळून जाई. यांतले कशाचेही उत्तर 'ल्यूकस' या एका शब्दात मिळत नाही. पैसा वाचवण्याची सूचना वरून येई आणि ती वायरीच्या जाडीपर्यंत पोहोचे.

अर्थात ल्यूकसला निर्दोष ठरवण्याचाही हेतू नाही. १९७५ सालापासून अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबीला 'ओपस' नावाची इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळाली. झिजणारे पॉइंट गेले, ही मोठी सुधारणा. पण तिचे नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग तापलेल्या इंजिनाला खेटून असलेल्या डिस्ट्रिब्यूटरच्या आतच बसवले होते. ते उष्णतेने दगा देऊ लागले, आणि पुढे हे भाग डिस्ट्रिब्यूटरबाहेर वेगळ्या डबीत हलवावे लागले. जुने दुखणे काढताना नवे दुखणे कसे जन्माला येते, याचा हा नमुना. पुढे १९९६ साली ल्यूकस व्हॅरिटी या कंपनीत विलीन झाली, १९९९ साली ती संयुक्त कंपनीही विकली गेली. विनोद मात्र टिकून राहिला.

आता चौकशी आणखी वर न्यायला हवी. एमजीबीचे इंजिन 'बी-सीरीज' या घराण्याचे. हे घराणे १९४७ साली ऑस्टिनच्या एका साध्या कौटुंबिक गाडीत १,२०० सीसीच्या रूपाने जन्माला आले. ते वाढवत वाढवत १,७९८ सीसीपर्यंत नेले आणि १९८०पर्यंत एमजीच्या कामाला जुंपले. मूळ कंपन्या मात्र दर काही वर्षांनी एकमेकींत विरघळत होत्या. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिसचा नफील्ड समूह मिळून बीएमसी झाली. १९६८ साली लेलँडशी जोडून ब्रिटिश लेलँड झाली. १९७५ साली ती बुडण्याच्या बेतात असताना सरकारने ताब्यात घेतली. समूहाकडे स्पोर्ट्स कारसाठी जो पैसा होता तो ट्रायम्फ टीआर-७ या नव्या गाडीकडे वळला. १९७८ साली बी-सीरीजची जागा घेणारे ओ-सीरीज इंजिन आले, ते एमजीबीच्या वाट्याला आलेच नाही. तिच्या वाट्याला आले ते १९७४च्या अखेरचे काळे रबरी बंपर आणि अमेरिकन नियमांपुरती वाढवलेली उंची. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना दोनांऐवजी एकच कार्बोरेटर मिळाला आणि ताकद कितीतरी घटली. सुधारणा होत नव्हत्या असे नाही. १९६४ची पाच बेअरिंगे आणि मागचे सील हा सुधारणेचाच पुरावा आहे. इच्छा आणि पैसा असेपर्यंत गळती कमी करता येत होती. पुढे ठिगळे लावणे एवढेच उरले.

शेवटी थेंब पडला तो अ‍ॅबिंग्डनवर. हा कारखाना तसा जोडणीचा होता : इंजिने कॉव्हेंट्रीहून येत, बॉड्या स्विंडनहून, विजेची सामग्री बर्मिंगहॅमहून. गाडीत जे गळत होते किंवा विझत होते, त्यांतले फार थोडे अ‍ॅबिंग्डनच्या कामगारांच्या हातून घडलेले होते. संपांनी गाजलेल्या त्या दशकात मालक-कामगार संबंध बरे असलेला कारखाना म्हणून त्याची ख्याती होती. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने एमजीची पन्नास वर्षे थाटात साजरी केली आणि त्याला लागूनच, १० सप्टेंबरला, मायकेल एडवर्ड्स यांच्या नेतृत्वाखालील व्यवस्थापनाने समूहातील कारखाने बंद करण्याची योजना जाहीर केली; तीत अ‍ॅबिंग्डन होते. पौंड महागल्यामुळे अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे तोटा होतो, असे कारण देण्यात आले. त्या हिशेबावर वाद झाले आणि अजूनही होतात. अ‍ॅस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एमजी विकत घेण्याचा एका गटाचा प्रयत्न १९८० साली फसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेवटची एमजीबी बाहेर पडली. जाड बोल्टने झाकण आवळल्याने ते आणखी वाकावे, तसा हा उपाय होता की दुसरा इलाजच उरला नव्हता, याविषयी मतभेद असू शकतात. पण दाब कुठे साचला होता आणि फुटले काय, या दोन गोष्टी वेगळ्या होत्या एवढे निश्चित.

कारखाना बंद झाल्यावर स्मरणरंजनाचे पर्व सुरू झाले. १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या साच्यांवर एमजीबीच्या नव्या बॉड्या पुन्हा बनवायला घेतल्या. गळती आणि गचके म्हणजेच या गाडीचा 'आत्मा', असे बोलले-लिहिले जाऊ लागले. हे विधान ऐकायला गोड आहे, पण इतिहासाला धरून नाही. १९८९ साली जपानच्या माझदाने एमएक्स-५ ही दोन आसनी उघडी गाडी आणली. तिच्या कर्त्यांसमोर आदर्श होता जुन्या इंग्रजी रोडस्टरांचाच. ती ना तेल गाळत होती, ना पावसात रुसत होती, तरी रसिकांना तीच मजा देत होती. २०१६ साली तिने दहा लाखांचा आकडा गाठला. म्हणजे दोष हा त्या काव्याचा अटळ भाग नव्हता. दोषाला आत्मा म्हणणे ही ज्यांनी खर्च टाळला त्यांना दिलेली माफी ठरते आणि ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यावर अन्याय.

मात्र याच इंजिनाच्या दुसऱ्या एका शाखेची हकिकत आपल्या अगदी जवळची आहे. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर जी अँबॅसडर बनवली, तिला लवकरच १,४८९ सीसीचे बी-सीरीज इंजिन मिळाले. १९५५ची पहिली एमजीए धावली ती याच घराण्याच्या, याच क्षमतेच्या इंजिनावर. तिकडे ते इंजिन तरुणांच्या चैनीचे होते. इकडे ते मंत्र्यांच्या, कलेक्टरांच्या आणि टॅक्सीवाल्यांच्या गाडीत रुजले आणि काही दशके चालले. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. ल्यूकसनेही १९६१ साली टीव्हीएसबरोबर तत्कालीन मद्रासमध्ये भागीदारी केली होती. अँबॅसडरही तेल गाळत असे, तिचेही पॉइंट घासून अंतर जुळवावे लागे. पण त्याचे इथे महाकाव्य झाले नाही. याचे एक कारण म्हणजे ग्राहकाला पर्यायच नव्हता. दुसरे कारण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : त्या इंजिनाने गृहीत धरलेला माणूस इथे होता. रोज सकाळी बॉनेट उघडून तेल-पाणी पाहणारा ड्रायव्हर, पॉइंटमध्ये ब्लेडचे पाते घालून अंतर जोखणारा मिस्त्री, त्याच्या हाताखाली शिकणारा पोऱ्या. त्यांचे नाव कुठल्याच इतिहासात नाही. यंत्र चालते तोवर सांभाळणाऱ्याची नोंद होत नाही. तेव्हा जुनाट दुखणे हा यंत्राचा अंगभूत गुण नसून यंत्र आणि समाज यांच्या नात्याचा भाग आहे, असे म्हणावे लागते.

आज एमजीबी बाळगणाऱ्यांसमोर एक प्रश्न आहे, आणि तो संपादकाच्या प्रश्नासारखाच आहे : मूळ पाठ जपायचा, की तो वाचता येईल असा करायचा? काही जण पॉइंट काढून डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत मावणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. बाहेरून काही कळत नाही आणि अंतर जुळवण्याचा जाच संपतो. काही जण पॉइंटच ठेवतात, कारण ते रस्त्याच्या कडेला, साध्या पेचकसाने दुरुस्त होतात. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. पण बुश झिजलेल्या दांड्यावर किंवा गंजलेल्या अर्थवर यांतले काहीही टिकत नाही. शिवाय अलीकडे नव्या सुट्या भागांचाच भरवसा राहिलेला नाही. रोटरच्या प्लॅस्टिकमधून ठिणगी दांड्यात उतरते, नवा कंडेन्सर आठवड्यात मरतो. अशा वेळी जुना पण चांगला भाग काढून ठेवणारा शहाणा ठरतो. नवे म्हणजे दुरुस्त, हे समीकरण ग्रंथांच्या बाबतीत आपण कधीच सोडून दिले आहे. यंत्रांच्या बाबतीतही ते सोडायला हवे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या गाडीकडून घेण्यासारखी गोष्ट कामाच्या क्रमाची आहे. आधी पुसून स्वच्छ करायचे, म्हणजे जुन्या डागांना नवी गळती समजण्याची चूक होत नाही. मग वरून खाली यायचे. सांधा आवळण्याआधी दाब कुठून येतो ते पाहायचे. आणि अमुक एकाच्या नावाने सगळे आधीच हसत असतील, तर त्या नावापाशी न थांबता एक पायरी वर चढायचे. अ‍ॅबिंग्डनच्या कामगारांविषयी, ल्यूकसविषयी आणि ब्रिटिश उद्योगाच्या उतरत्या काळाविषयी जे सोपे निष्कर्ष अजूनही फिरत असतात, त्यांतले बरेचसे या चार पायऱ्या न चढताच काढलेले आहेत.